आठ आणे रोज

इतिहास म्हणजे राजांच्या स्वाऱ्या, तह आणि सनदा, ही समजूत आतां मागें पडली आहे. तथापि कायद्यांचा इतिहासहि वाचण्यासारखा असतो, असें अजून फारसें कोणास वाटत नाहीं. कायदा वकिलांनीं वाचावा आणि पक्षकारांनीं भोगावा, असाच सामान्य समज. परंतु एखादा लहानसा कायदा घेऊन तो कोणीं मागितला, कोणीं अडविला, शेवटीं कोणाच्या खिशाला त्याची झळ लागली आणि कोणाच्या घरांत त्यामुळें चूल पेटली, हें पाहूं लागलें म्हणजे समाजाच्या अंतःकरणाचा जितका ठाव लागतो, तितका मोठमोठ्या लढायांच्या वर्णनांवरूनहि पुष्कळदां लागत नाहीं. मुंबई इलाख्याचा १९२९ सालचा प्रसूति-साहाय्याचा कायदा हा अशा कायद्यांपैकीं एक होय. हिंदुस्थानांत या प्रकारचा हा पहिलाच कायदा. गिरणींत काम करणाऱ्या बाळंतिणीस त्यानें सात आठवडे, दररोज आठ आणे, देवविले. रक्कम ती केवढी आणि तिचें कौतुक किती, असें वाचक म्हणतील. पण हे आठ आणे कोणीं द्यावयाचे या एका प्रश्नावर त्या वेळीं जो वाद झाला, तो आज शंभर वर्षें होत आलीं तरी मिटलेला नाहीं. मातांसाठीं आणि मजुरांसाठीं सरकारांनीं पुढें ज्या योजना काढल्या, त्यांचें यशापयशहि बऱ्याच अंशीं त्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिलें आहे. म्हणून ही कथा थोड्या विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबईंत कापडाच्या गिरण्यांचा उद्योग सुरू झाला तो १८५४ च्या सुमारास. कोंकणांतून आणि घांटावरून जीं कुटुंबें या गिरण्यांच्या आसऱ्याला आलीं, त्यांतील बायकाहि कामास लागल्या. सूत गुंडाळण्याचें आणि त्याच्या लडी करण्याचें काम मुख्यतः त्यांच्याकडे असे. १९२० नंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत दर पांच कामगारांमागें सुमारें एक स्त्री होती. त्यांच्यावर देखरेख करणारी ती नायकीण. बाईला कामावर घेणें, काढणें, बदली देणें हें सारें नायकिणीच्या आणि जॉबरच्या हातीं. कायद्याची दृष्टि या बायकांकडे उशिरांच वळली. १८८१ चा कारखान्यांचा पहिला कायदा मुलांपुरताच होता. १८९१ च्या दुसऱ्या कायद्यानें स्त्रियांच्या कामाचे तास अकरांवर आणून ठेवले. पण बाई गरोदर असली, बाळंत झाली, तर तिनें काय करावें, याविषयीं कायदा मुकाच राहिला.

या मौनाचा व्यवहारांतला अर्थ कठोर होता. खाडा झाला कीं पगार बुडाला, आणि पगार बुडाला कीं सावकाराचें व्याज चढलें. म्हणून दिवस भरत आले तरी बाई कामावरून हलत नसे. ज्यांना शक्य असे त्या बाळंतपणाला गांवीं जात. ज्यांना बोटीचें किंवा गाडीचें भाडें जमत नसे, त्या चाळींतल्या अंधाऱ्या खोलींतच सुइणीच्या हातीं मोकळ्या होत. परत येऊन पाहावें तों आपली जागा दुसरीला मिळालेली. ती पुन्हां मिळवावयाची तर नायकिणीची मर्जी संपादणें आलें, आणि ती मर्जी रित्या हातांनीं संपादतां येत नसे. तान्ह्या मुलाची व्यवस्था काय? तें एखाद्या म्हातारीच्या हवालीं करावयाचें, आणि आई संध्याकाळीं येईपर्यंत त्यानें रडूं नये म्हणून त्याला बाळागोळी द्यावयाची. नांव मोठें लाडकें. पण त्या गोळींत अफू असे. मुंबई सरकारच्या वतीनें १९२१-२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या बाईंनीं गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी केली, तेव्हां मुलांना अफू देण्याची ही चाल अपवादात्मक नसून सरसकट आहे, असें आढळून आलें.

त्याच काळांतला एक आंकडा पुष्कळ ग्रंथांतून उद्धृत केला जातो. १९२१ सालीं मुंबई शहरांत दर हजार जन्मांमागें सहाशेंहून अधिक अर्भकें वर्षाच्या आंत दगावलीं, असें नोंदींवरून दिसतें. हा आंकडा जसाचा तसा घेणें मात्र बरोबर होणार नाहीं. अनेक मुलें गांवीं जन्मत, म्हणून त्यांचा जन्म मुंबईच्या वहींत चढत नसे. पण आईबरोबर मुंबईस येऊन तीं मेलीं म्हणजे मृत्यु मात्र मुंबईच्या वहींत चढे. ही वजावाट करूनहि जें उरतें तें थोडें भयंकर नाहीं. एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबांतील अर्भकांचें मृत्युमान मोठ्या घरांतील अर्भकांहून पुष्कळच अधिक होतें, हीहि गोष्ट त्याच नोंदींवरून उघड होते.

इकडे ही स्थिति असतां युरोपांत या विषयाचा विचार बराच पुढें गेला होता. जर्मनींत बिस्मार्कच्या कारकीर्दींत, १८८३ सालीं, कामगारांच्या आजारपणाचा जो विमा सुरू झाला, त्यांत बाळंतपणाच्या साहाय्याचा अंतर्भाव होता. इंग्लंडांत लॉइड जॉर्ज यांच्या १९११ च्या राष्ट्रीय विम्याच्या कायद्यानें बाळंतिणीस तीस शिलिंग मिळूं लागले. पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. तेथें ठराव झाला तो असा: प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीस कामावर घेऊं नये, प्रसूतीपूर्वीं सहा आठवडे तिला रजा घेण्याचा अधिकार असावा, मूल अंगावर पीत असेल तर दिवसांतून दोनदां अर्धा अर्धा तास सवड द्यावी, आणि या रजेच्या काळांत तिचें व मुलाचें नीट पोषण होईल इतकें साहाय्य तिला मिळावें. हें साहाय्य कोठून द्यावयाचें? सार्वजनिक तिजोरींतून, अथवा विम्याच्या पद्धतीनें. बाईला कामावर ठेवणाऱ्या धन्यानें तें आपल्या पदरचें द्यावें, असें वॉशिंग्टनच्या ठरावांत म्हटलेलें नाहीं. वाचकांनीं हें एक कलम ध्यानांत ठेवावें. कारण आमच्या पुढील विवेचनाची किल्ली त्यांतच आहे.

या परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधि म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. भारत सेवक समाजाचे हे सभासद, आणि १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे. चाळींतलें जिणें त्यांना पुस्तकांतून कळलेलें नव्हतें. परिषदेनें हिंदुस्थान सरकारास या प्रश्नाचा अभ्यास करून उत्तर देण्यास सांगितलें. सरकारनें अभ्यास केला आणि उत्तर दिलें तें नकाराचें: आमच्याकडील बायका बाळंतपणाला माहेरीं जातात, दाखले देण्यास पुरेशा स्त्री-डॉक्टर नाहींत, सबब काळ अजून आलेला नाहीं. सरकारी भाषेंत काळ क्वचितच आलेला असतो. जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत स्वतःच एक बिल आणलें. कारखाने, खाणी आणि चहाचे मळे या तिन्ही ठिकाणच्या स्त्रियांचा त्यांत समावेश होता. प्रत्येक प्रांतानें प्रसूति-साहाय्याचा एक फंड उभारावा, त्यांत मालकांनीं वर्गणी भरावी आणि फंडांतून बाळंतिणीस साहाय्य मिळावें, असा त्याचा सांगाडा होता. अशा फंडाचें मर्म असें कीं, वर्गणी सर्व धंद्यावर वांटून बसविली म्हणजे अमक्या मालकाकडे या वर्षीं किती बायका बाळंत झाल्या यावर त्याचा खर्च अवलंबून राहत नाहीं. बाईला कामावर ठेवल्याचा दंड त्याला पडत नाहीं. १९२५ सालीं हें बिल नापास झालें. त्याबरोबर ही फंडाची कल्पनाहि कांहीं वर्षें विस्मृतींत गेली, आणि आमच्या मतें खरा तोटा झाला तो हाच.

मध्यवर्ती कायदेमंडळांत जें साधलें नाहीं, तें मुंबईच्या कायदे कौन्सिलांत साधण्याचा प्रयत्न रावबहादूर आसवले यांनीं केला. त्यांच्या बिलावर १९२८ च्या जुलै महिन्यांत चर्चा झाली. काळ मोठा तंग होता. एप्रिलपासून मुंबईच्या गिरण्यांचा सार्वत्रिक संप चालू होता आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. एकीकडे गिरण्यांचीं धुराडीं थंड पडलेलीं, आणि दुसरीकडे कौन्सिलांत गिरणींतल्या बाळंतिणीला आठ आणे द्यावे कीं नाहीं याचा खल चाललेला. या चर्चेंत २८ जुलै रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं बिलाच्या बाजूनें भाषण केलें. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हां वर्षच लोटलें होतें, आणि ते सरकारनियुक्त सभासद म्हणून कौन्सिलांत बसत होते.

त्या भाषणांतील विचाराची मांडणी पाहण्यासारखी आहे. बाळंतपणापूर्वीं आणि नंतर मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, हें त्यांचें पहिलें विधान. त्यावरून त्यांनीं काढलेला निष्कर्ष मात्र बिलाच्या पुरस्कर्त्याच्या तोंडीं कोणी अपेक्षिला नसता. ज्या अर्थीं हित राष्ट्राचें, त्या अर्थीं हा बोजा मुख्यतः सरकारनेंच उचलावयास हवा, हें त्यांनीं मोकळ्या मनानें मान्य केलें. लोकांच्या कल्याणाची चिंता हें मुळांत सरकारचें काम. आणि इतर देशांत सरकार हा भार कमीअधिक उचलतें, हेंहि त्यांनीं दाखविलें. मग धन्यावर तो कां टाकावा? त्यांचें उत्तर असें कीं, धनी बाईला कामावर ठेवतो तो तिच्यावर उपकार म्हणून नव्हे. पुरुषाऐवजीं बाई ठेवण्यांत त्याचा विशेष फायदा असतो, म्हणूनच ठेवतो. ज्याला लाभ, त्यानें कांहीं भार सोसावा हें न्यायाचेंच आहे. सरकार आपलें कर्तव्य करीत नाहीं, तोंवर बाळंतिणीला उपाशी ठेवणें हा कांहीं मार्ग नव्हे. आदर्श व्यवस्था कोणती हें ठाऊक असूनहि ती येईपर्यंत हातीं लागणारी व्यवस्था नाकारावयाची नाहीं, आणि हातीं लागलेलीला आदर्श म्हणावयाचें नाहीं, असें हें दुहेरी शहाणपण होतें.

विरोधकांचे आक्षेप वाचकांस ओळखीचेच वाटतील. मुंबईच्याच धंद्यावर हा भार कां, इतर प्रांतांतील गिरण्या मोकळ्या राहतील आणि आम्ही स्पर्धेंत मार खाऊं, हा एक. मालकांवर खर्च घातला तर ते बायकांना कामावरच घेणार नाहींत, म्हणजे ज्यांच्या कल्याणाला निघालां त्यांच्याच पोटावर पाय येईल, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर काळानें दिलें. मध्य प्रांतानें १९३० सालींच मुंबईचा कित्ता गिरविला, त्यामागून मद्रास, संयुक्त प्रांत, बंगाल यांनीं तोच मार्ग धरला, आणि १९४१ सालीं खाणींतील स्त्रियांसाठीं मध्यवर्ती कायदा झाला. दुसरा आक्षेप मात्र इतक्या सहजासहजीं निकालांत निघणारा नव्हता.

कायदा १९२९ सालीं पास होऊन अमलांत आला. मुंबई, अहमदाबाद, सोलापूर, कराची अशा उद्योगाच्या शहरांतील कारखान्यांना तो प्रथम लागू झाला. प्रसूतीपूर्वीं तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे, दररोज आठ आणे. म्हणजे एका बाळंतपणास फार तर साडेचोवीस रुपये. हा पैसा बाईला ज्या गिरणींत ती काम करी तिच्या मालकानें द्यावयाचा. त्यासाठीं त्या गिरणींत तिची ठराविक मुदतीची नोकरी झालेली असली पाहिजे. बाळंतपणाच्या रजेंत असतां तिला कामावरून काढतां कामा नये, अशी अटहि होती. आठ आणे ही रक्कम त्या वेळच्या गिरणीकामगार बाईच्या सरासरी रोजाच्या अर्ध्याहून अधिक होती, ही गोष्ट विसरतां कामा नये. श्रीमंतांच्या घरीं बारशाच्या पेढ्यांस जो पैसा लागतो त्याच्याशीं तुलना करून तिला हंसणें सोपें आहे. पण ज्या घरांत पगार बुडाला म्हणजे भांडीं गहाण पडत, त्या घरांत या साडेचोवीस रुपयांची किंमत काय असेल, हें ज्याचें त्यानें मनांत आणावें.

आतां परिणामाकडे वळूं. लाभ झाला, यांत संशय नाहीं. हजारों बायकांना तो पैसा मिळाला, आणि बाळंतपण ही कामगार स्त्रीची खासगी आपत्ति नसून तिच्या कामाच्या हिशेबांत धरण्याची गोष्ट आहे, हें तत्त्व प्रथमच कायद्याच्या वहींत चढलें. परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत दर पांचांत एक असलेली स्त्री पुढच्या दशकांत कमी कमी होत गेली आणि कांहीं दशकांनीं वीस कामगारांत एकहि उरली नाहीं. याचा सारा दोष प्रसूतीच्या कायद्यावर टाकणें अन्यायाचें होईल. रात्रपाळीस स्त्रियांना मनाई होती, आणि गिरण्या दोन-तीन पाळ्यांनीं चालूं लागल्यावर ती मनाई बायकांच्या मुळावर आली. सूत गुंडाळण्याचीं नवीं वेगवान यंत्रें आलीं. मंदीच्या काळांत कामकपात झाली, तेव्हां कमावता तो पुरुष आणि बाईची मिळकत ती वरकड, या समजुतीनें पहिली कुऱ्हाड बायकांवर पडली. तथापि इतर कारणांनीं जेथें तराजू आधींच एका बाजूस झुकला होता, तेथें बाईमागें वेगळा खर्च ही आणखी एक रत्तल त्याच पारड्यांत पडली, एवढें म्हणणें सयुक्तिक आहे. मालकाला कायदा मोडण्याचीहि गरज नव्हती. बाईला घेतलेंच नाहीं म्हणजे कायदा पाळल्यासारखाच झाला! विरोधकांनीं जी भीति घातली होती ती सर्वस्वीं खोटी नव्हती. चूक होती ती तिच्यावरच्या उपायांत. रोग होता खर्च एकेकट्या धन्यावर टाकण्याचा. त्यावर औषध साहाय्य रद्द करण्याचें नव्हतें, तर खर्च वांटून घेण्याचें होतें.

हें औषध ठाऊक नव्हतें असें नाहीं. हिंदी कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले कमिशननें १९३१ च्या अहवालांत प्रसूति-साहाय्याचे कायदे सर्वत्र करण्याची शिफारस केली. पण आरंभीं तरी खर्च मालकानेंच सोसावा, असा सोपा मार्ग धरला. युद्धकाळांत डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूरखात्याचे प्रमुख होते. त्या काळांत प्रा. भालचंद्र आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचें काम देण्यांत आलें, आणि त्यांचा अहवाल १९४४ सालीं आला. त्या पायावर १९४८ चा कामगार राज्य विम्याचा कायदा उभा राहिला आणि १९५२ सालीं कानपूर व दिल्ली येथें योजनेला आरंभ झाला. बाळंतपणाचें साहाय्य आतां मालकाच्या पेटींतून न येतां विम्याच्या फंडांतून येऊं लागलें. स्त्री असो वा पुरुष, प्रत्येक कामगारामागें वर्गणी सारखीच. म्हणून बाईला नाकारण्यांत मालकाचा कांहीं फायदा राहिला नाहीं. वॉशिंग्टनला १९१९ सालीं जें सांगितलें आणि जोशी यांनीं १९२४ सालीं जें मागितलें, तें अशा रीतीनें आपल्याकडे यावयास पाव शतकाहून अधिक काळ लागला.

पण आलें तें अर्धेंच. विम्याच्या कक्षेबाहेरच्या आस्थापनांसाठीं १९६१ सालीं जो देशव्यापी कायदा झाला, त्यानें पुन्हां जुनाच धडा गिरविला: बारा आठवड्यांची रजा, आणि पगार धन्यानें द्यावयाचा. २०१७ सालीं या रजेची मुदत पहिल्या दोन अपत्यांसाठीं सव्वीस आठवड्यांपर्यंत वाढविण्यांत आली, आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तेथें पाळणाघर सक्तीचें झालें. पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत हा कायदा समाविष्ट झाला, तरी खर्चाचा प्रश्न जेथल्या तेथेंच राहिला. मुदत वाढली याचा आनंद कोणास होणार नाहीं? पण भार एकट्या मालकावर ठेवून जितकी मुदत वाढवावी, तितकें तरुण स्त्रीला नोकरी नाकारण्याचें आमिषहि वाढतें, हें १९२८ सालींच सांगून झालेलें आहे.

याहूनहि मोठा प्रश्न कायद्याच्या कुंपणाबाहेर असलेल्या स्त्रियांचा. जिला धनीच निश्चित नाहीं, जी आज या बांधावर तर उद्यां त्या रस्त्यावर राबते, तिच्या बाळंतपणाचे आठ आणे कोणाकडे मागावयाचे? २००० सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील स्त्रियांनाहि हा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हां कुंपण थोडें सरकलें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें तर नोकरीची अटच काढून टाकली आणि, सरकारी नोकरींत असणाऱ्या अथवा अन्य कायद्यानें तेंच साहाय्य मिळणाऱ्या स्त्रिया वगळून, प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये मिळावे असें ठरविलें. डॉ. आंबेडकरांनीं ज्या सरकारी जबाबदारीचा उच्चार केला होता, ती पंचाऐंशी वर्षांनीं कायद्याच्या शब्दांत उतरली. पण शब्द उदार आणि हात आखडता, असा प्रकार झाला. २०१७ सालीं मातृवंदना योजना आली ती पहिल्या अपत्यापुरती, आणि पांच हजार रुपयांची. २०२२ पासून दुसरें अपत्य मुलगी असल्यास सहा हजारांची भर पडली. सव्वीस आठवड्यांच्या विश्रांतीवर हे पांच हजार वांटले तर दिवसास साडेसत्तावीस रुपयांच्या आंतच पडतात. २०२४-२५ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामाचा ठरलेला रोज २९७ रुपये होता. म्हणजे १९२९ सालच्या गिरणीबाईला सात आठवडे कां होईना, आपल्या रोजाच्या अर्ध्याहून अधिक मिळत होतें. आणि आजच्या शेतमजूर बाईला रोजाचा दहावा हिस्साहि मिळत नाहीं.

याचा अर्थ काय, हें पाहावयाचें असेल तर बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं ऊसतोडीस निघणाऱ्या टोळ्यांकडे पाहावें. नवराबायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते ती दोघांच्या मिळून श्रमावर. मुकादमाची उचल फिटेपर्यंत विसावा नाहीं, आणि खाडा पडला तर दंड. गरोदर बाई दिवस भरेपर्यंत मोळ्या वाहते आणि बाळंत झाल्यावर थोड्याच दिवसांत फडांत उतरते. या जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ सालीं गाजला, तेव्हां राज्य सरकारनें समिति नेमली. पाहणी झालेल्या ब्याऐंशी हजारांच्या आसपास स्त्रियांपैकीं तेरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. गिरणीच्या नायकिणीच्या जागीं मुकादम आला, चाळीच्या जागीं पालाची खोपटी आली. पण ज्या व्यवस्थेंत बाईच्या देहधर्माची किंमत खाड्याच्या दंडानें मोजली जाते, ती व्यवस्था शंभर वर्षांपूर्वीचीच आहे.

यावर नेहमींचा आक्षेप असा कीं, सरकारी तिजोरीला हें झेपणार नाहीं. हा आक्षेप गंभीरपणें घ्यावयाचा, तर आपल्याच प्रांताचा इतिहास साक्षीस काढावा लागेल. मुलांना सक्तीचें व मोफत शिक्षण द्यावें असें बिल नामदार गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत आणलें, तेव्हां पैशाचीच सबब पुढें करण्यांत आली आणि पुढच्या वर्षीं तें फेटाळलें गेलें. पण सयाजीराव गायकवाडांनीं बडोद्यास १९०६ सालींच तें करून दाखविलें होतें, आणि शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरास १९१७ सालीं केलें. मुलाच्या शाळेचा खर्च त्याच्या बापाला नोकरीस ठेवणाऱ्या धन्यानें द्यावा, असें तेव्हां कोणीं म्हटलें नाहीं. कारण मूल शिकणें हें सर्वांच्या हिताचें आहे, हें उघड होतें. मग तेंच मूल जगणें आणि धड अंगापिंडानें वाढणें हें सर्वांच्या हिताचें नाहीं काय? दुसरें उदाहरण त्याहून जवळचें. १९७२ च्या दुष्काळांत वि. स. पागे यांच्या कल्पनेंतील रोजगार हमी योजनेनें जोर धरला आणि १९७७ सालीं तिला कायद्याचें रूप आलें. तिच्या खर्चासाठीं शहरांतील पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसायकर बसविला, आणि गोळा होणाऱ्या रकमेइतकी भर सरकारनें घालावयाची असें ठरविलें. मुंबईंतल्या कारकुनाच्या पगारांतून माणदेशांतल्या मजुराच्या भाकरीचा वांटा निघूं लागला आणि राज्य बुडालें नाहीं. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठीं गाळपाच्या दर टनामागें कारखान्यांकडून वर्गणी घेण्याचें आणि तितकीच भर सरकारनें घालण्याचें जें ठरलें, त्यांतहि तीच वाट आहे. अशा वर्गणीच्या पैशांतून फडांतल्या बाळंतिणीचा रोज प्रथम निघाला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. त्यांत मुकादमाची मर्जी नको, दाखल्यांची परंपरा नको आणि अपत्यांची मोजदादहि नको. कारण दुसऱ्या खेपेची बाळंतीण पहिल्या खेपेहून कमी थकते, असें वैद्यकशास्त्र सांगत नाहीं.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे. फुकटचा पैसा लोकांना आळशी करतो, असें कित्येक सुशिक्षित गृहस्थ म्हणतात. मोठ्या पगाराच्या नोकरींत पूर्ण वेतनी रजा घेणाऱ्या आपल्या लेकीसुनांविषयीं मात्र त्यांना ही भीति वाटत नाहीं. एकाच वस्तूला सधन घरीं हक्क म्हणावयाचें आणि निर्धन घरीं दान म्हणावयाचें, हा न्याय नव्हे. शिवाय दानाचा गुण असा कीं, देणाऱ्याच्या मनांत असेल तेव्हां तें मिळतें आणि हात आखडला कीं आटतें. म्हणून तर दानशूर गिरणीमालक अगदींच नव्हते असें नसतांनाहि कायद्याची आवश्यकता भासली.

१९२९ च्या कायद्यापासून जे दोन बोध निघतात, ते थोडक्यांत असे. अपुरी सवलत मिळत असेल तर ती नाकारूं नये, कारण तत्त्वाला पाय ठेवण्यापुरती जागा तिनें मिळते. पण अपुरी सवलत ही अपुरीच आहे, हें म्हणत राहण्याचेंहि सोडूं नये. मातेच्या विसाव्याचा लाभ साऱ्या राष्ट्राला होतो; त्याचें मोल बाईनें देहानें चुकवावें किंवा तिला काम देणाऱ्या एकट्या धन्यानें चुकवावें, आणि बाकीच्यांनीं नामानिराळे राहावें, हा हिशेब १९२८ सालींहि चुकीचा होता. मुंबईच्या कौन्सिलांत तो चुकीचा आहे असें स्पष्टपणें सांगणारा एक सभासद तरी होता. त्या हिशेबाची दुरुस्ती मात्र अजून पुरी व्हावयाची आहे, आणि ती फडांतल्या बाईपासून सुरू झाली पाहिजे.